नीरेच्या पाटावरचा ब्लॉक

कामाची रीत शास्त्रदृष्ट्या तपासून सुधारावी, या विचाराचा उगम अमेरिकेतील टेलरसाहेबांच्या १९११ सालच्या ग्रंथात शोधण्याची सवय आपल्याकडील विद्वानांना जडली आहे. परंतु त्या ग्रंथाच्या काही वर्षे आधीच, बारामती व इंदापूर तालुक्यांतून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्यावर, पाटबंधारे खात्यातील एका देशी अंमलदाराने पाणीवाटपाच्या कारभाराला तशीच रीत लावून दाखविली होती. तिचे नाव ‘ब्लॉक’. आणि बागायतदारांच्या तोंडी तो शब्द चारी व मोरी यांच्याइतकाच घरचा झाला.

१८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनची जी दैना केली, तिच्यावर उपाय म्हणून सरकारने येळवंडी नदीवर भाटघरचे धरण हाती घेतले, आणि १८८५ च्या सुमारास सुमारे शंभर मैलांच्या डाव्या पाटाला पाणी सुटले. हेतू असा की, अवर्षणात ज्वारी-बाजरी वाचावी. प्रत्यक्षात पाऊस बरा झाला की काळ्या रानाचा धनी पाटाकडे पाठ फिरवी, कारण ओल धरून ठेवणाऱ्या त्या जमिनीसाठी पाणीपट्टी फुकट कोण भरणार; आणि पावसाने डोळे वटारले की तेच सारे धनी एकाच आठवड्यात अर्ज घेऊन कचेरीत उभे राहत. त्यातच ऊस आला. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी तो उत्तम पिकविला, हे खरे. पण बारमाही पाणी मागणारे हे पीक पाटाच्या मुखाजवळच्या गावांत साचत गेले, आणि त्याच रानाला वर्षानुवर्षे पाणी मिळून जमीन चोपण होऊ लागली.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८९९ साली पुण्याच्या पाटबंधारे जिल्ह्याचे कार्यकारी अभियंता झाले. प्रथम मुठेच्या कालव्यावर त्यांनी पाळीने पाणी देण्याचा नियम केला, तेव्हा बागायतदारांनी बरीच ओरड केली. पुढे १९०१-०३ च्या सिंचन आयोगापुढे त्यांनी आपली ब्लॉकाची योजना मांडली आणि नीरेच्या पाटावर ती अमलात आली. योजना अशी : निचरा होणारी चांगली जमीन निवडून तिचे ठरावीक गट पाडावयाचे, प्रत्येक गटाच्या एक तृतीयांशात ऊस, उरलेल्या दोन भागांत हंगामी पिके, ऊस दरसाल पुढच्या भागात सरकेल, म्हणजे तीन वर्षांत प्रत्येक भागाला त्याची पाळी येऊन मधल्या काळात जमिनीलाही विसावा मिळेल. करार एका हंगामाचा नव्हे, तर अनेक वर्षांचा. त्यामुळे पुढील सालात कोठे किती पाणी लागणार हे कचेरीला आधीच कळे, आणि दर हंगामाची दरखास्तींची झुंबड ओसरे. ऊस एका गावात गोळा न होता पाटाच्या लांबीभर पसरे, हा त्यातला खरा न्याय.

यात नवे यंत्र एकही नव्हते. होता तो नकाशा, नोंदवही आणि मुदतीचा करारनामा. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांसाठी विश्वेश्वरय्यांची जी कीर्ती गाइली जाते, तिच्यापेक्षा ही कागदी कामगिरी मला अधिक मोलाची वाटते. खानदेशात पांझरेच्या काठी गावाच्या शिवाराचे फड पाडून एका फडात एकच पीक घेण्याची व पिकांची फेरपालट करण्याची जुनी वहिवाट आहे, आणि हे गृहस्थ नोकरीच्या आरंभी त्याच मुलुखात होते. तेव्हा बीज तेथले असावे, असा माझा तर्क आहे.

रीत मात्र लिहिली तशी राहिली नाही. उसाच्या भावापुढे एक तृतीयांशाची मर्यादा टिकणे कठीण होते. शेतकी खात्यातील मॅन आणि ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. म्हणजे ब्लॉक सुरू झाल्यावरही क्षार वर येतच होते. पुढे यासाठी खास विभाग स्थापून अभियंता इंग्लिससाहेबांनी निचऱ्याचे चर खोदविले. पाणी क्षेत्रावर न देता मापाने द्यावे, म्हणून मोऱ्यांवर मॉड्यूल, म्हणजे ठरावीक मापानेच पाणी सोडणारी साधने, बसवून पाहिली गेली. पण मापाचे पाणी आपसांत वाटून घेण्यासाठी गावकऱ्यांची जी एकी लागते, ती कोणत्याही यंत्रात बसविता येत नाही.

ब्लॉकवाला हक्काचा मानकरी ठरला, आणि बाकीच्यांना दर हंगामात सात नंबरच्या नमुन्यावर अर्ज भरणे आले. पाटकरी त्याची नोंद घेणार, क्षेत्र मोजले जाणार, मंजुरीचा पास मिळणार, मग पाळी. पाटाच्या शेवटी, टेलला असलेल्या इंदापूरकरांचे पाणी न पोहोचण्याचे गाऱ्हाणे मात्र ब्लॉकाने मिटविले नाही. त्याला उत्तर म्हणून आला तो शेजपाळीचा नियम, ज्यात चारीच्या शेवटच्या शेतापासून भिजवीत मुखाकडे यावयाचे असते, आणि मुखाजवळच्या बागायतदाराने आपली पाळी येईपर्यंत मोरी बंद ठेवावयाची असते.