टाळकरी कुठे गेले?

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. ती एकट्या नामदेवांची नाही. १३५० साली नामदेवांनी आणि त्यांच्या घरच्यांनी इथे एकत्र समाधी घेतली असे परंपरा सांगते, आणि त्या घरच्यांत दासी जनाबाईलाही धरते. समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, ही कथा वारकऱ्यांना सांगावी लागत नाही. चोखोबांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा, मेहुणा बंका या सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. जनाबाईच्या नावावरचा एक अभंग तर कोणत्या संताची रचना कोणी उतरून घेतली याची यादीच देतो. त्यात चोखोबांचा लेखक म्हणून अनंतभटाचे नाव येते. म्हणजे रचणारा, उतरून घेणारा आणि म्हणणारा अशी निदान तीन माणसे एका गाण्यामागे आहेत, हे परंपरेला माहीत होते आणि ते नोंदवून ठेवावेसेही वाटत होते. मराठी पडद्याने या गाणाऱ्यांची चरित्रे सांगायला घेतली तेव्हा काय झाले, हा इथला विषय. त्या चित्रपटांवर चमत्कारांचा आणि इतिहासाच्या मोडतोडीचा आरोप नेहमी होतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. खरा फेरफार झाला तो हा, की गाणे एकट्याचे झाले.

पंढरपूर आणि पडदा यांचा संबंध जुना आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी लागला, ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी. ते रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रीकरण होते, म्हणून त्याला पहिला चित्रपट म्हणायचे की नाही हा वाद अजून मिटलेला नाही, आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंधही नाही; मुका पुंडलिक गाणार कसा? पडदा बोलू लागल्यावर मात्र गाणारे संत ओळीने आले. प्रभात फिल्म कंपनीचाच हिशेब धरला तर १९३५ साली ‘धर्मात्मा’त एकनाथ झालेले बालगंधर्व, १९३६ साली ‘संत तुकाराम’, १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९४१ साली कऱ्हाडहून पंढरीच्या ओढीने निघालेली ‘संत सखू’. गाणे तयार होते, त्याला श्रोता तयार होता, आणि कथा घराघरांत कीर्तनातून पोहोचलेली होती. निर्मात्याला याहून काय हवे?

यांत दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ सर्वांत मोठा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस हे स्त्रीभूमिका करणारे नट तुकाराम झाले आणि असे झाले की पुढे अनेकांच्या मनातला तुकारामांचा चेहरा त्यांचाच राहिला. चित्रपटात गावकरी तुकारामांची गाणी उचलतात, आपापल्या कामात म्हणतात, आणि ही प्रसंगमाला फार सुंदर आहे. पण तिथेही गावकरी गाणे घेणारे आहेत. परंपरेने तुकारामांना चौदा टाळकरी दिले, संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ हे अभंग उतरून घेणारे दिले. वारकरी कीर्तनात बुवा प्रमाण देतो आणि टाळकरी ते चालीवर उचलतात, मृदंग चढत जातो, बुवा थांबतो आणि पुन्हा शब्द आपल्याकडे घेतो. दोन अंगांवर उभी असलेली ही गायकी आहे. कॅमेऱ्याला मात्र एकाच्या चेहऱ्याजवळ जायचे असते, आणि त्या चौकटीत मागची रांग पुसट होते.

गंमत अशी की गाणे एकट्याचे ठरवणाऱ्या याच चित्रपटाने ते एकट्याचे नसते हेही सिद्ध करून दाखवले. त्यातला एक अभंग गीतकार शांताराम आठवले यांनी लिहिला, आणि तो इतका बेमालूम होता की लोक तो तुकारामांचाच समजू लागले. यावर शुद्धतावादी नाराज होतील. पण नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळलेल्या आहेतच. ‘नामा’ ही सही एकापेक्षा जास्त माणसांनी वापरली. आठवले परंपरेच्या जुन्या सवयीप्रमाणेच वागले. फरक इतकाच की त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले, आणि लोकांनी ते तिथून पुसून टाकले.

गाणे एकट्याच्या नावावर जाणे हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातले ग्रामीण गाणे १९२७ साली ब्रिस्टल गावात राल्फ पीअरने ध्वनिमुद्रित केले. तिथे गायलेल्या कार्टर कुटुंबातल्या ए. पी. कार्टरने पुढे गावोगाव फिरून गाणी गोळा केली. चाल लक्षात ठेवायला बरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे, पण गाण्यांवर नाव लागले कार्टरचे. कारण सरळ होते: स्वामित्वहक्क नोंदवायला एक मालक लागतो. पुढे याच गायकीतल्या लोकांवर चित्रपट निघाले, हँक विल्यम्सवर १९६४ साली, लोरेटा लिनवर १९८० साली, जॉनी कॅशवर २००५ साली, आणि सगळ्यांचा सांगाडा एकच: गरिबीतले मूल, एक जखम, दारू किंवा संसार, आणि शेवटी एकट्यावर पडलेला झोत. आपल्या संतपटांत दारूच्या जागी देव आहे एवढेच.

सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण याहून बोलके आहे. रामजोशी मूळचा सोलापूरचा. वेदशास्त्री घरातला हा मुलगा धोंडी शाहिराच्या फडाकडे ओढला गेला, भावाने घराबाहेर काढले, मग पंढरपुरात बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकला, असे त्याचे चरित्र सांगतात. हे बाबा पाध्ये म्हणजे १७९०च्या सुमाराचा ‘धर्मसिंधु’ रचणारे काशीनाथशास्त्री. धर्मशास्त्राचा निर्णय सांगणारा गुरू आणि लावणी रचणारा शिष्य पंढरपूरच्या एकाच ओसरीवर बसले असतील, तर अठराव्या शतकाचे याहून चांगले चित्र मला सुचत नाही. राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७ साली आला. जयराम शिलेदार रामजोशी, हंसा वाडकर बया, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत देसाईंचे. रामजोशीच्या मूळ लावण्यांशेजारी माडगूळकरांच्या नव्या रचना बसल्या आणि सांधा दिसला नाही. चित्रपटाने तमाशापटांची लाटच आणली. पण त्यातले नाट्य कोणते? ब्राह्मण मुलगा तमाशात जातो, जात जाते, प्रेम जडते. फड ही त्याच्या पतनाची जागा ठरते. ज्या फडाने त्याला ठेका, चाल आणि श्रोता दिला, त्या फडाला स्वतःची कथा मिळत नाही. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी हे सगळे पार्श्वभूमीला.

यावर आक्षेप ठरलेला आहे: दोन-अडीच तासांच्या कथेला नायक लागतोच, आणि संतचरित्रकार महिपतीनेही ‘भक्तविजया’त एकेका संताचेच चरित्र सांगितले. दुसरा भाग अर्धाच खरा. १७६२ सालच्या ‘भक्तविजया’चे सत्तावन्न अध्याय वाचताना नामदेवाच्या कथेत गोरोबा येतात, जनाबाई येते, ज्ञानदेव येतात, एकाची कथा दुसऱ्याच्या घरात शिरते. पहिल्या भागाला उत्तर परंपरेनेच दिलेले आहे. ‘होनाजी बाळा’ हे एका माणसाचे नाव नाही. होनाजी शिलारखाने हा गवळी रचत असे आणि बाळा करंजकर हा शिंपी गात असे. लोकांनी दोघांना एका नावात बांधले. इतके तयार कथानक हाती असूनही व्ही. शांताराम यांच्या १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’च्या मध्यभागी होनाजी आणि नर्तकी गुणवती आले. रचणारा आणि गळा यांच्यातले नाते, ज्यात मैत्री आहे, मत्सर असू शकतो, बिदागीची वाटणी आहे, ते दुय्यम राहिले. तेव्हा नायक लागतो हे कबूल. एकच लागतो हे कुणी ठरवले?

हंसा वाडकरांचे उदाहरण यात वेगळे पडते. सखू त्या होत्या, १९४९ सालच्या चित्रपटातली जनाबाई त्या होत्या, बया त्याच होत्या. त्यांनी अरुण साधूंना सांगितलेली आत्मकथा ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आली, पुढच्या वर्षी त्या गेल्या, आणि १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला. पैसा कोण मिळवते, कोण मोजते, करारावर कुणाची मर्जी चालते, हे गाणारीच्या चरित्रात पहिल्यांदा इतके उघड आले. बाईच्या जिवावर चालणारे घर दाखवताच भोवतीची माणसे आपोआप चौकटीत शिरली. भक्तीच्या आणि प्रेमाच्या कथेत जे मावत नव्हते ते हिशेबाच्या कथेत मावले. तिथे अजूनही गाणाऱ्यांचा समूह नाही, पण निदान गाण्यावर जगणाऱ्यांचा आहे.

याच दृष्टीने तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांकडे पाहायला हवे. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा, नावही विठोबावरून. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड, म्हणजे कलेइतकाच कुटुंबाचा धंदा. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्राच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्यांचे लोक येतात आणि सुपारी ठरते ती फडाची. विठाबाई २००२ साली गेल्या. राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पण त्यांच्याविषयी काही सांगायचे म्हटले की हमखास एकच प्रसंग निघतो: भरल्या दिवसांची बाई नाचता नाचता पडद्यामागे गेली, बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. चरित्रपटाला हवा तसा हा प्रसंग आधीच छाटून ठेवलेला आहे, जुन्या संतकथेतल्या चमत्कारासारखा. तो खरा मानला तरी त्यात मधला वेळ आहे. तेवढा वेळ समोरचे प्रेक्षक उठून गेले नाहीत, म्हणजे ढोलकीवर कोणी तरी होते, बतावणी कोणी तरी लांबवली, आणि आत बाळ कोणी तरी धरले. चित्रपट लिहिणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.