कृषी धोरण संनियंत्रण

कृषी धोरण संनियंत्रण म्हणजे सरकारने शेती व अन्नधान्याबाबत घेतलेले निर्णय आणि केलेला खर्च यांची सातत्याने नोंद ठेवून, त्यांचा शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर व देशाच्या अन्नसुरक्षेवर होणारा परिणाम मोजण्याची पद्धती होय. विकसनशील देशांसाठी असा एक प्रमुख उपक्रम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००९ मध्ये सुरू केला. तो ‘मॅफॅप’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. बुर्किना फासो, घाना, केनिया, टांझानिया, मालावी, इथिओपिया इत्यादी आफ्रिकी देश त्यात प्रारंभी सहभागी झाले.

पार्श्वभूमी

श्रीमंत देश आपल्या शेतीला किती साहाय्य करतात, याचे आकडे आर्थिक सहकार्य व विकास संघटना १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध करीत आली आहे. त्यामागील ‘उत्पादक साहाय्य अंदाज’ ही संकल्पना अर्थशास्त्रज्ञ टिम जोस्लिंग यांनी १९७० च्या दशकात मांडली, तीही अन्न व कृषी संघटनेसाठीच. गरीब देशांत मात्र तिचा नियमित वापर बराच उशिरा सुरू झाला. २००७-०८ मध्ये भारत, व्हिएतनाम आदी देशांनी तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांत जागतिक बाजारात तांदूळ सुमारे तिप्पट महागला. एका देशाचा निर्णय दुसऱ्याच्या ताटापर्यंत किती लवकर पोहोचतो, हे त्यावेळी दिसून आले. २०११ मध्ये जी-२० गटाने गहू, तांदूळ, मका व सोयाबीन यांच्यासाठी कृषी बाजार माहिती प्रणाली स्थापन केली.

मोजमाप

या पद्धतीचा गाभा ‘नाममात्र संरक्षण दर’ हा आहे. प्रथम संदर्भ किंमत काढतात. निर्यातीच्या पिकासाठी बंदरावरील भावातून वाहतूक, हाताळणी व व्यापाऱ्याचा वाजवी नफा वजा केला जातो. उरते ती रक्कम म्हणजे सरकारी हस्तक्षेप नसता तर शेतकऱ्याला मिळू शकला असता तो भाव. प्रत्यक्ष भाव त्याहून कमी असल्यास दर ऋण येतो, म्हणजेच धोरण शेतकऱ्यावर छुपा कर लादत असते.

परंतु भाव पडण्यास केवळ सरकारी निर्णय कारणीभूत नसतात. खराब रस्ते, वाटेतील बेकायदा वसुली, मध्यस्थांचे अवाजवी नफे आणि चलनाचा कृत्रिमरीत्या चढा ठेवलेला विनिमय दर यांमुळे होणारे नुकसान मॅफॅप ‘बाजार विकास तूट’ म्हणून वेगळे दाखवते. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे, कारण निर्यातबंदी एका आदेशाने उठवता येते. रस्ता तसा बांधता येत नाही.

उदाहरणे

टांझानियाने २०११ मध्ये देशातील भाव आटोक्यात ठेवण्यासाठी मक्याच्या निर्यातीवर बंदी घातली. शेजारच्या केनियात त्यावेळी मक्याची टंचाई होती, तर टांझानियाच्या दक्षिणेकडील उंच प्रदेशातील वाढाव्याच्या मक्याला तेथे जाण्याची वाट बंद झाली. ही बंदी पुढे उठली. पण २०१७ मध्ये तोच उपाय पुन्हा योजण्यात आला.

मालावीची कथा खर्चाची आहे. आफ्रिकी देशांनी २००३ च्या मापुटो जाहीरनाम्यात अर्थसंकल्पाचा किमान १० टक्के भाग शेतीवर खर्च करण्याचे मान्य केले, आणि ते गाठणाऱ्या मोजक्या देशांत मालावी होता. तथापि २००५-०६ पासून खत-बियाण्यांच्या अनुदानित कूपनांवर त्यातील फार मोठा वाटा जाऊ लागला. मक्याचे उत्पादन वाढले. संशोधन, सिंचन व कृषी विस्तार यांना थोडेच उरले. एकूण टक्केवारीत ही बाब दिसत नाही, खर्चाची फोड केल्यावरच दिसते.

भारताविषयी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०००-०१ ते २०१६-१७ या काळात खत, वीज, पाणी यांवरील अनुदाने जमेस धरूनही शेतकऱ्यांना मिळालेले निव्वळ साहाय्य ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होते. निर्यात निर्बंध हे त्याचे एक प्रमुख कारण. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांना त्याचा अनुभव नवा नाही: ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली.

मर्यादा

अनेक देशांत शेताच्या बांधावरील भावांची नोंदच होत नाही, त्यामुळे घाऊक बाजारातील भावांवरून अंदाज बांधावा लागतो. शिवाय ऋण दर म्हणजे सर्व गरिबांचे नुकसान, असेही नाही. आफ्रिकेतील बरेच अल्पभूधारक विकतात त्याहून अधिक धान्य विकत घेतात. स्वस्त मका त्यांच्या सोयीचाच ठरतो.