सांध्याचा हिशेब : पोलादी चौकटींतील बोल्ट, वेल्डिंग आणि परिमित घटक पद्धती

प्रास्ताविक

पोलादी इमारतींचा इतिहास सांगताना बहुधा त्यांची उंची, त्यांना लागलेले पोलाद आणि त्या उभारणाऱ्यांची नावे सांगितली जातात. तुळई खांबाला जिथे मिळते, त्या सांध्याची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक तुळई आणि खांब कारखान्यातून तयार होऊन येतात व त्यांचे गुणधर्म बऱ्याच अंशी ठरलेले असतात. सांधा मात्र अनेकदा बांधकामाच्या जागेवर, कारागिराच्या हातून घडतो. त्यामुळे आराखड्यातील आणि प्रत्यक्षातील अंतर सर्वाधिक जाणवते ते सांध्यातच.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलातील टांगते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात दोन्ही पूल एकाच अखंड सळईला टांगायचे होते. प्रत्यक्षात खालचा पूल दुसऱ्या सळईने वरच्या पुलाला टांगला गेला. परिणामी वरच्या पुलाच्या सांध्यावरील भार दुप्पट झाला. हे समजण्यास कोणत्याही अवघड गणिताची गरज नव्हती; सांध्याकडे पाहण्याची गरज होती.

सांध्याचे गणित करण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक समर्थ साधन तयार झाले. ते म्हणजे परिमित घटक पद्धती, अर्थात फायनाइट एलिमेंट पद्धती. या साधनाने पोलादी सांध्याच्या ज्ञानात कोणती भर घातली आणि त्याची मर्यादा कोणती, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रिव्हेटकडून बोल्ट व वेल्डिंगकडे

१८८९ साली पूर्ण झालेल्या आयफेल टॉवरमध्ये सुमारे २५ लाख रिव्हेट आहेत. १९४३ साली खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूलही रिव्हेटनेच जोडलेला आहे. लाल तापलेला रिव्हेट भोकात घालून त्याचे दुसरे डोके ठोकून बसवावयाचे. थंड होताना तो आकसतो आणि पत्रे एकमेकांवर आवळले जातात, अशी ही रीत होती. तिला कुशल कारागिरांची टोळी लागे.

अमेरिकेत १९४७ साली रिव्हेट व बोल्टच्या सांध्यांसाठी एक संशोधन परिषद स्थापन झाली. तिने १९५१ साली उच्च ताकदीच्या बोल्टविषयीचे पहिले नियम प्रसिद्ध केले. हा बोल्ट इतका घट्ट आवळतात, की पत्र्यांमधील घर्षणच भार वाहून नेते. याच काळात वेल्डिंगही इमारतींच्या कामात रुळले. वेल्डिंगमुळे सांधा सलग होतो, पोलाद कमी लागते आणि भोके पाडावी लागत नाहीत. परंतु वेल्डचा दर्जा हात, इलेक्ट्रोड, हवामान आणि तपासणी या सर्वांवर अवलंबून असतो, आणि त्यातील दोष बाहेरून दिसेलच असे नाही.

या दोन पद्धतींचा मेळ कसा घालावा, याचे उत्तम उदाहरण ढाका येथे १९२९ साली जन्मलेले अभियंता फझलुर रहमान खान यांच्या कामात सापडते. शिकागोचा ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर (१९७४; २००९ पासून विलिस टॉवर) उभारताना खांब आणि त्यांना जोडलेल्या अर्ध्या तुळया यांचे तुकडे कारखान्यात वेल्ड करून आणले गेले, आणि जागेवर ते बोल्टने जोडले गेले. नाजूक काम छपराखाली व देखरेखीखाली करायचे आणि उंचावर केवळ आवळण्याचे काम ठेवायचे, हा त्यामागील विचार होता.

परिमित घटक पद्धतीचा उदय

कोणतीही गुंतागुंतीची वस्तू लहान लहान घटकांत विभागायची, प्रत्येक घटकाचे वर्तन सोप्या समीकरणात मांडायचे आणि ते सर्व घटक त्यांच्या सामाईक बिंदूंवर जोडून एकत्र सोडवायचे, हे या पद्धतीचे सूत्र होय. १९४३ साली गणितज्ञ रिचर्ड कुरांट यांनी त्रिकोणी तुकड्यांच्या साहाय्याने अशी मांडणी सुचविली होती. पण संगणकाअभावी ती कागदावरच राहिली. १९५०च्या दशकात विमानांच्या पंखांचा ताठरपणा मोजण्याच्या गरजेतून ती पुन्हा पुढे आली. युरोपात जॉन आर्गिरिस यांनी, तर बोइंग कंपनीत टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी हे काम केले. या चौघांचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक रे क्लफ यांनी १९६० साली या पद्धतीला तिचे आजचे नाव दिले.

पोलादी सांध्यांकडे ही पद्धत १९७०च्या दशकात वळली. एन. कृष्णमूर्ती यांनी तुळईच्या टोकाला पत्रा वेल्ड करून तो खांबाला बोल्टने जोडण्याच्या सांध्याचा अभ्यास केला. त्या काळच्या संगणकावर त्रिमितीय जाळी फार महाग पडे. म्हणून त्यांनी थोडी त्रिमितीय उदाहरणे सोडवून त्यांची द्विमितीय उदाहरणांशी सांगड घातली, आणि द्विमितीय गणिते मोठ्या संख्येने केली. पत्रा वाकताना त्याची कड खांबावर टेकते आणि बोल्टवर जादा ओढ पडते, ही जुनी समजूत होती. कृष्णमूर्तींच्या मते ही जादा ओढ समजली जाते तितकी मोठी नव्हती. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीमुळे पातळ पत्रे वापरता येऊ लागले. पुढील संशोधकांनी मात्र पातळ पत्र्यांसाठी ही ओढ पुन्हा हिशेबात घेतली. संगणकाचा निष्कर्ष अंतिम नसतो, याचे हे आरंभीचेच उदाहरण.

एक सांधा आणि एक विश्वास

बर्कली येथेच एगोर पोपोव्ह व त्यांचे सहकारी भूकंपाच्या दृष्टीने पोलादी सांध्यांच्या चाचण्या घेत होते. आय आकाराच्या तुळईच्या वरच्या व खालच्या आडव्या पट्ट्यांना फ्लँज आणि मधल्या उभ्या पट्टीला वेब म्हणतात. फ्लँज खांबाला वेल्ड करायचे आणि वेब बोल्टने जोडायची, असा सांधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लोकप्रिय झाला. त्यामागील तर्क साधा होता : तुळईला वाकविणारे परिबल फ्लँज वाहतील आणि कर्तन बल वेबचे बोल्ट वाहतील. १९७०च्या सुमारास झालेल्या चाचण्यांतील तुळया १८ व २४ इंच खोलीच्या होत्या. काही नमुने अचानक तुटले होते, तरीही एकंदर कामगिरी पुरेशी मानली गेली. १९८८ साली हा सांधा तेथील बांधकाम संहितेतच दाखल झाला.

दरम्यान बांधकामाची रीत बदलत गेली. खर्च वाचावा म्हणून भूकंपाचा भार घेणाऱ्या चौकटींची संख्या कमी झाली आणि उरलेल्या चौकटींच्या तुळया ३६ इंचांपर्यंत खोल व जाड झाल्या. बाजारात येणाऱ्या पोलादाची प्रत्यक्ष ताकद नियमात धरलेल्या किमान ताकदीहून बरीच अधिक असे. त्यामुळे वेल्डवर अपेक्षेपेक्षा जास्त ताण येई. वेल्डिंगसाठी वेगाने काम करणारा, पण कमी चिवट धातू देणारा इलेक्ट्रोड रूढ झाला. १९९३ साली टेक्सास विद्यापीठातील चाचण्यांचे असमाधानकारक निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. पण संहिता बदलण्यापूर्वीच भूकंप आला.

नॉर्थरिज, १७ जानेवारी १९९४

पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसजवळील नॉर्थरिज परिसरात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. पोलादी चौकटीची एकही इमारत कोसळली नाही, म्हणून प्रथम समाधान व्यक्त झाले. काही दिवसांनी आगरोधक लेप व आच्छादने काढून पाहिली असता अनेक सांध्यांत तडे आढळले. खालच्या फ्लँजच्या वेल्डपासून सुरू झालेले तडे काही ठिकाणी थेट खांबात शिरले होते. अशा इमारतींची संख्या पुढे दीडशेच्या वर गेली. पोलाद आधी ताणले जाईल आणि मगच तुटेल, या गृहीतकावर संहिता उभी होती. येथे ते काचेसारखे ठिसूळपणे तुटले होते. बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबे येथील भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे दगावली. तेथेही वेल्ड केलेल्या पोलादी सांध्यांत भंग आढळले.

संगणकाने काय दाखविले

नॉर्थरिजनंतर अभियंत्यांच्या संघटना व विद्यापीठे यांनी मिळून ‘सॅक’ नावाचा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. त्यात पूर्ण आकाराच्या चाचण्या आणि परिमित घटक पद्धतीची गणिते बरोबरीने झाली. त्यातून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या.

पहिली, कर्तन बल वेबमधून जाते ही समजूत सांध्याच्या तोंडाशी टिकत नाही. खांबाजवळ बल फ्लँजकडे वळते, असे जाळीतील प्रतिबलांनी दाखविले. म्हणजे जो वेल्ड केवळ ओढीसाठी आखला होता, त्यावर कर्तनाचा व स्थानिक वाकण्याचाही भार येत होता. मिशिगन विद्यापीठातील गोयल व सहकाऱ्यांनी १९९७ साली ही बाब एका साध्या कैचीच्या रूपकातून मांडली. तुळईचा नेहमीचा सिद्धांत लांब तुळईसाठी खरा आहे. तिच्या टोकाशी तो लागू पडत नाही.

दुसरी, वेल्डरला काम करता यावे म्हणून वेबमध्ये कापलेल्या खाचेचा आकार महत्त्वाचा आहे. खाचेच्या कडेशी विकृती एकवटते. आकार बदलून ती कमी करता येते, हे लीहाय विद्यापीठातील गणितांनी व चाचण्यांनी दाखविले.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. वेल्डखाली आधारासाठी ठेवलेली पट्टी तशीच सोडली, की तिच्या व खांबाच्या मधली फट एखाद्या तयार तड्यासारखी वागते. नेहमीच्या जाळीत ही फट दाखविलेलीच नसते. तेथे धातू सलग मानलेला असतो. ती फट मुद्दाम घालून भंगशास्त्राच्या आधारे गणित केल्यावरच वेल्डच्या धातूला किती चिवटपणा हवा, हे कळू लागले. जाळी कितीही बारीक केली तरी न घातलेला दोष ती दाखवू शकत नाही.

बोल्टच्या सांध्याचे गणित वेगळ्या कारणाने अवघड आहे. पत्रे एकमेकांना कोठे टेकतात, कोठे सुटतात, घर्षण केव्हा हरते आणि बोल्ट आधी किती आवळला आहे, हे प्रत्येक पायरीवर नव्याने ठरवावे लागते. आवळण्याचा आकडा चुकीचा दिला, तर उत्तर सुबक पण निरर्थक येते.

नियमांत झालेला बदल

२००० साली ‘फेमा ३५०’ व तिच्या जोडीच्या मार्गदर्शिका प्रसिद्ध झाल्या. वेल्डच्या धातूसाठी चिवटपणाची किमान अट आली : उणे २९ अंश सेल्सिअसला २७ ज्यूल आणि २१ अंशांना ५४ ज्यूल. खालच्या फ्लँजखालची आधारपट्टी काढण्याची शिफारस झाली. बेल्जियमचे आंद्रे प्लुमिए यांची जुनी कल्पना उपयोगी पडली. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईचे फ्लँज दोन्ही बाजूंनी गोलाकार कापून तुळईच मुद्दाम दुबळी करायची, म्हणजे ताण तेथे जिरेल आणि वेल्ड वाचेल. तिचे पेटंट बाळगणाऱ्या पोलाद कंपनीने आपला हक्क सोडून दिला. २००५ साली अमेरिकेत चाचणीने सिद्ध झालेल्या सांध्यांची स्वतंत्र संहिता निघाली. त्याच वर्षी युरोपात सांध्यांसाठी युरोकोडचा स्वतंत्र भाग प्रसिद्ध झाला. भारतात २००७ साली आयएस ८०० या मानकाची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात मर्यादा अवस्थेची पद्धत स्वीकारली गेली आणि भूकंपासाठी स्वतंत्र प्रकरण आले.

समारोप

क्लफ आणि पोपोव्ह एकाच विद्यापीठात होते. गणिताचे साधन आणि सांध्याची चाचणी एकाच आवारात वाढली. तरी त्या सांध्याची कसून उलटतपासणी झाली ती भूकंपानंतर. त्या काळी संगणक दुबळा होता हे याचे एक कारण खरे; परंतु मान्य झालेल्या सांध्यावर पुन्हा शंका घेण्याची गरज वाटली नाही, हे त्याहून मोठे कारण होय. आज सांध्याची त्रिमितीय जाळी साध्या संगणकावर काही मिनिटांत सुटते आणि रंगीत चित्र समोर येते. त्या चित्रावर विसंबणाऱ्या तरुण अभियंत्याने तीन प्रश्न विचारले पाहिजेत : या जाळीत कोणता दोष दाखविलेला नाही, या आकाराच्या सांध्याची चाचणी झाली आहे काय, आणि हा वेल्ड कोण तपासणार आहे? या प्रश्नांची उत्तरे संगणकात नसतात. ती प्रयोगशाळेत आणि बांधकामाच्या जागेवर जाऊनच मिळवावी लागतात.