औषध-दुष्परिणामांचे दावे
डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधामुळे झालेल्या अपायाबद्दल उत्पादक किंवा विक्रेत्याविरुद्ध केलेले भरपाईचे दावे. भारतात ते मुख्यतः ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली चालतात. सदोष निर्मिती किंवा अपुरा इशारा सिद्ध झाल्यास उत्पादक जबाबदार ठरतो. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायच्या औषधाचा धोका त्याने डॉक्टरांना रीतसर कळवला असेल, तर कलम ८७ नुसार त्याची सुटका होऊ शकते. रुग्णाच्या वाटेतली ही मोठी अडचण आहे.

औरंगाबादच्या (छत्रपती संभाजीनगर) एका कुटुंबाने कोविशिल्ड लशीमुळे मृत्यू झाल्याचा दावा करत मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. २०२२ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकार व सीरम इन्स्टिट्यूटसह प्रतिवादींना नोटिसा काढल्या. अमेरिकेत व्हायॉक्स या वेदनाशामकाच्या हजारो दाव्यांवर मर्क कंपनीने २००७ मध्ये ४८५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

पैठण तालुक्यातील पाचोडच्या रुग्णाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाचे पक्के बिल आणि बॅच क्रमांक असलेली गोळ्यांची स्ट्रिप जपणे अत्यावश्यक; अपाय त्याच औषधाने झाला, हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो.