मुलाला गोळी द्यावी का : नांदेड-लातूरमधल्या एका निर्णयाचा इतिहास

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा बालपणी सुरू होणारा विकार. अशा मुलाला औषध द्यावे की नाही, हा प्रश्न पडायला आधी तीन गोष्टी असाव्या लागतात : मुलाला तासन्तास एका जागी बसवणारी शाळा, विकार ओळखणारा डॉक्टर आणि जवळच्या दुकानात मिळणारे औषध. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत शाळा आधी आली, डॉक्टर बऱ्याच उशिरा आला आणि औषध अजूनही पुरते पोचलेले नाही. इथल्या आईबापांचा निर्णय या उशिराने जितका घडवला, तितका वैद्यकशास्त्राने घडवला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. शाळा मोजक्या होत्या आणि माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून चाले. बहुतेक मुले गुरांमागे, रानात किंवा बाजारात वाढत. तिथे सतत पळणाऱ्या मुलाचा दोष चटकन डोळ्यांत भरत नसे. म्हणून असे मूल सुखात होते असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. झाडावरून, बैलगाडीवरून पडणे, विहिरीच्या काठाशी खेळणे, उठता-बसता मार खाणे आणि ‘वांड’, ‘द्वाड’ म्हणून गावभर नाव होणे, हे त्याच्या वाट्याला येई.

उपाय घरचे असत. दृष्ट काढली जाई, अंगारा लावला जाई, दंडाला ताईत बांधला जाई. माहूरच्या रेणुकेला नवस बोलला जाई, कंधारच्या दर्ग्यात मुलाला नेऊन आणले जाई. बुद्धी स्थिर व्हावी म्हणून बाळगुटीत वेखंड उगाळत, वैद्य ब्राह्मी आणि शंखपुष्पी देत. या वनस्पतींनी मूळ विकार हटतो हे मोठ्या, काटेकोर चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. मात्र लहान मुलाच्या मनासाठी पोटात काही देणे इथे परके नव्हते, एवढे यावरून दिसते. मेंदूवरची औषधे परदेशी आहेत म्हणून लोक घाबरतात, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते.

भीतीला दुसरे, अधिक खरे कारण होते. कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी अफूचा कण देत. ही चाल भारतभर पसरलेली होती आणि १८९३-९५ च्या रॉयल ओपियम कमिशनपुढे तिच्याविषयी भरपूर साक्षी झाल्या. मुंबईच्या गिरणगावात हीच ‘बाळागोळी’ विकत मिळे आणि १९२० च्या दशकात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवले. गुंगीत पडलेले मूल दूध ओढत नाही, सुकत जाते, कधी उठतही नाही, हे घराघरांत ठाऊक होते. पोराला गोळी देऊन गप्प करू नये, ही आजीची ताकीद अडाणीपणातून आलेली नव्हती. एडीएचडीवरचे औषध गुंगीचे नाही, हा फरक तिला कोणी नीट समजावून सांगितला नाही, ही चूक शिकलेल्यांची.

ते औषध योगायोगाने सापडले. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिले, तेव्हा निम्म्या मुलांचे शाळेतले काम एकदम सुधारले. मुले त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले आणि १९५० च्या दशकात ते रिटालिन या नावाने बाजारात आले. लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे यांसाठी मेंदूला लागणाऱ्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचे काम ते वाढवते. म्हणून उत्तेजक असूनही मूल शांत दिसते.

हे सारे घडत असताना नांदेड-लातूरला मानसोपचार म्हणजे दूरचा प्रवास होता. महाराष्ट्राची चारही सरकारी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात एकही नव्हते. आजाऱ्याची वाट रुळांनी ठरवली. मनमाड-सिकंदराबाद मार्गामुळे नांदेडचा माणूस हैदराबादकडे वळला, तर १९११ मध्ये लातूरला पोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेमुळे लातूरचा माणूस कुर्डुवाडीवरून सोलापूर-पुण्याकडे. १९७० च्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला शासकीय महाविद्यालय आले. बालरोग आणि मानसोपचार विभाग जिल्ह्याच्या गावी आले ते या महाविद्यालयांबरोबर. तरीही फक्त मुलांच्या मनाचे डॉक्टर मोठ्या शहरांतच राहिले.

शाळेचा ताण मात्र डॉक्टरांच्या पुढे धावला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जादा तास, सराव परीक्षा आणि काटेकोर वेळापत्रक यांची शिस्त बसली. १९९० च्या दशकात ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या वाढल्या, लातूरला ‘ट्यूशन एरिया’ उभा राहिला आणि नांदेडही त्याच वाटेने गेले. या पद्धतीने सामान्य शेतकऱ्यांच्या हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दाखवली. हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण दहा-बारा तास एका जागी बसणे हीच हुशारीची खूण ठरली, तेव्हा ज्याला अर्धा तास बसवत नाही ते मूल सगळ्यांच्या नजरेत आले. छडीचा जुना उपायही राहिला नाही : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली.

लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलाला हा विकार असतो असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा संकटानंतर मुले दचकतात, झोपत नाहीत, वर्गात शून्यात बघत राहतात, अभ्यासात मागे पडतात. बाहेरून ते लक्ष न लागण्यासारखेच दिसते, पण त्याला दुःख आणि भय कारण असते. म्हणून निदानाचे नियम कडक आहेत : लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत. ऐकू कमी येणे, फिट्स, रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप आणि अध्ययन अक्षमता यांची तपासणी आधी व्हावी लागते. शाळा सोडून शिकवणीच्या वर्गातच लक्ष उडत असेल, तर दोष मुलात शोधण्याआधी वेळापत्रकात शोधावा.

सरकारी मान्यता तुकड्यातुकड्यांनी आली. १९९६ पासून महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. प्रमाणपत्र देणारी केंद्रे सुरुवातीला मुंबईत होती, त्यामुळे मराठवाड्याला त्यांचा उपयोग बेताचाच. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाडी आणि शाळांतल्या तपासणीत एडीएचडीचा उल्लेख केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचे नाव मात्र नाही.

औषधाची वाट सगळ्यांत अरुंद. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात अफू जशी आली, तसेच मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत मिथाइलफेनिडेटही आले. शिवाय औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये ते असल्याने दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो आणि चिठ्ठीची प्रत दोन वर्षे जपावी लागते. एवढ्या खटपटीमुळे मोजकीच दुकाने ते ठेवतात. जिल्ह्याच्या गावी साठा मिळाला नाही, तर पुणे किंवा हैदराबाद गाठण्यावाचून गत्यंतर राहत नाही. गैरवापराची धास्ती खरी आहे, विशेषतः परीक्षांच्या शहरांत, जिथे निरोगी मुलालाही अभ्यासाची गोळी म्हणून ती द्यावीशी वाटू शकते. तरी ज्या मुलाला तिची गरज आहे, त्याच्या वाटेत हे कुलूप आडवे येते. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध या बंधनांत नाही. मात्र त्याचा पूर्ण गुण दिसायला काही आठवडे लागतात.

औषधाविषयीचा पुरावा ठाम आहे, पण अमर्याद नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरच्या चौदा महिन्यांच्या अभ्यासात मुख्य लक्षणे काबूत आणण्यात, काळजीपूर्वक दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनी मात्र गटांमधला फरक उरला नव्हता. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी आईबापांना वागणुकीचे प्रशिक्षण द्यावे, असे मानले जाते. भूक मंदावणे, झोप उडणे आणि नाडी वाढणे हे नेहमीचे दुष्परिणाम. उंचीची वाढही थोडी मंदावू शकते. अवर्षणग्रस्त तालुक्यांतल्या किडकिडीत मुलाच्या बाबतीत भुकेचा मुद्दा हलका नाही, म्हणून वजन आणि उंची दर भेटीत मोजायलाच हवी.

मार्च २०२० मधल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दूरध्वनीवरून उपचार मान्य केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा सुरू झाली. किनवट किंवा अहमदपूरच्या पालकाला सल्ला आता घरबसल्या मिळू शकतो. त्याच तत्त्वांनी शेड्यूल एक्समधली औषधे दूरस्थपणे लिहून देण्यास मनाई केली आहे, त्यामुळे मिथाइलफेनिडेटच्या चिठ्ठीसाठी मुलाला घेऊन डॉक्टरसमोर जावेच लागते.