सागाची खिडकी आणि कागदाची खिडकी

पारोळ्याच्या इतिहासांत दगडाला मानाचें स्थान मिळालें आहे. पन्नासएक घरांचें हें खेडें हरि सदाशिव दामोदर या जहागीरदारांनीं तटबंदीचें शहर केलें, आणि १७२७ सालीं येथला भुईकोट किल्लाही त्यांनींच बांधला, असें मानण्यांत येतें. झांशीच्या नेवाळकर घराण्याशीं या गांवाचें नातें आहे. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ सालीं, इंग्रज सरकारनें जहागीर काढून घेतली व किल्ल्याची मोडतोड केली. किल्ला कोणी बांधला आणि कोणी मोडला, हें दोन्ही इतिहासाला ठाऊक आहे. परंतु तटाच्या आंत जीं घरें उभीं राहिलीं, त्यांच्या खिडक्या कोणत्या सुतारानें घडविल्या, हें त्यानें टिपून ठेवलें नाहीं.

खिडकी ही किरकोळ वस्तु नव्हे. देशाचें हवामान आणि घराची रीत हीं दोन्ही तिच्यांत उतरलेलीं असतात. खानदेशांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. म्हणून तेथल्या जुन्या घरांवर मातीचें जाड धाबें, भिंती रुंद, मध्यें चौक आणि रस्त्याच्या अंगाला लहानशी खिडकी, अशी योजना असे. तिला उभे गज व भरींव झडपा. दुपारीं झडपा लावल्या कीं झळ बाहेर राही. सांजवेळीं उघडल्या कीं वारा आंत येई. उजेड मुख्यतः चौकांतून मिळे.

अशी खिडकी करावयाची ती सागाची. सातपुड्याच्या व डांगच्या रानांतला साग या भागाला जवळचा. लांकूड आधीं नीट वाळवावें लागे, नाहींतर चौकट पुढें पिळे. रंधा मारून, गुण्या लावून लांकूड चौरस झालें कीं एकाच्या टोंकाला पटाशीनें कुसूं काढावयाचें, दुसऱ्याला त्याच मापाची खांच पाडावयाची, आणि दोन्ही बसवून लांकडी खुंटी ठोंकावयाची. लोखंडी खिळा पावसाळ्यांत गंजतो व भोंवतालचें लांकूड खातो. लांकडी खुंटी लांकडाबरोबरच फुगते व आटते. भिंत उठत असतांनाच चौकट उभी करीत आणि तिचीं पुढें आलेलीं टोंकें बांधकामांत दाबून टाकीत. ती खिडकी मग भिंतीइतकीच टिके.

याच सांध्यावर जपानांत एक निराळीच खिडकी उभी राहिली. तिला शोजी म्हणतात. देवदारासारख्या हलक्या लांकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींत खांचा पाडून बसवितात, त्यांची जाळी करतात आणि तिच्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद खळीनें डकवितात. सुमारें बाराव्या शतकापासून अशा कागदी शोजीचा वापर वाढला. दमट हवेच्या त्या देशाला झडपेपेक्षां सरकणारा पडदा सोईचा. त्यांतून वारा अडला तरी मऊ उजेड आंत येतो.

कागद फाटणारच. म्हणून वर्षअखेरीच्या साफसफाईंत जुना कागद सोलून नवा लावण्याची चाल तेथल्या घरांत पडली. वस्तु नाजूक, पण तिच्या दुरुस्तीची संवय पक्की. काचेच्या व कारखानी खिडक्यांच्या काळांत तेथेंही शोजी मागें पडली. परंतु लांकडी वास्तूंच्या जतनाचीं जीं जपानी कसबें २०२० सालीं युनेस्कोच्या वारसायादींत गेलीं, त्यांत दारेंखिडक्या घडविण्याचेंही कसब आहे.

महाराष्ट्रांत याच्या उलट घडलें. शनिवारवाड्याचें लांकूडकाम १८२८ च्या आगींत नष्ट झालें व दगडी तट उरला. १८०७ मधील विश्रामबागवाड्यालाही १८७९ मध्यें आग लागली, तरी त्याचा कोरींव सज्जा आजहि पाहण्यास मिळतो. आगींतून वांचलेलीं साधीं घरें मात्र निमूटपणें पाडलीं जातात. सागाची चौकट शंभर वर्षें टिकते, म्हणून शंभर वर्षें सुताराला कोणी हांक मारीत नाहीं. आणि शेवटीं ती हालूं लागते, तेव्हां तो सांधा जाणणारा हात गांवांत उरलेला नसतो.

शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें एखादें जुनें घर गांवीं अजून उभें आहे. सुट्टींत तेथें गेल्यावर खिडकीचा सांधा हात लावून पाहावा, आणि तो ढिला झाला असेल तर चौकट उपटून टाकण्यापूर्वीं गांवांतल्या एखाद्या वृद्ध सुताराला ती दाखवावी. किल्ला मोडला तरी त्याचें नांव उरतें. सुताराची विद्या मात्र काम मिळालें तरच उरते.