उवा, फणी आणि शाळेचे दार

१/ प्रार्थना संपली की बाई रांगेतून फिरत. ज्या मुलीच्या केसांत उवा दिसतील, तिला सर्वांदेखत बाजूला उभे करीत. चौथीत माझ्या बाकावरची मैत्रीण अशी एकदा बाजूला उभी राहिली आणि पुढचा आठवडाभर शाळेत आलीच नाही. त्या रांगेलाही एक इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळले. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/ आरंभ इस्रायलमधील तेल लाखीश येथून करू. तेथील उत्खननात २०१६ साली जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची एक हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावरची बारीक अक्षरे संशोधकांच्या ध्यानात आली ती मात्र पुढे काही वर्षांनी, आणि त्यांचे वाचन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषा कनानी, काळ अंदाजे इ. स. पू. १७००. मजकुराचा आशय असा, की या दाताने केसांतील आणि दाढीतील उवा निपटून जावोत.

३/ वर्णमालेच्या लिपीत लिहिलेले, आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते. ना राजाची प्रशस्ती, ना देवाचे स्तोत्र. आहे ती उवांपासून सुटकेची इच्छा! फणीच्या एका बाजूला गुंता सोडवणारे सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवा-लिखांसाठी चौदा बारीक दात. एका दातावर उवेचे अवशेषही मिळाले.

४/ कनान प्रदेशात त्या काळी हत्ती नव्हते. हस्तिदंत बाहेरून, बहुधा इजिप्तमधून आला असावा. म्हणजे ही फणी कोणा श्रीमंताची. उवा गरीब-श्रीमंत पाहत नाहीत, याचा हा साडेतीन हजार वर्षांहून जुना पुरावा. खुद्द इजिप्तमधील पुरोहित देवसेवेत अंगावर ऊ असू नये म्हणून एक दिवसाआड सर्वांगाचे मुंडण करीत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे.

५/ आता आपल्याकडे वळू. मराठीतील ‘ऊ’ आणि ‘लीख’ हे शब्द संस्कृत ‘यूका’ आणि ‘लिक्षा’ यांवरून आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे दोन्ही शब्द लांबीच्या मापांत भेटतात: आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य, आठ यवमध्यांचे एक अंगुळ. अतिसूक्ष्म माप सांगताना सर्वांच्या परिचयाची वस्तू हवी. ती शास्त्रकारांना लोकांच्या डोक्यातच सापडली.

६/ चरकसंहितेत उवांची गणना बाह्य कृमींत आहे. उपाय तीन: त्यांना ओढून काढणे, मळ नाहीसा करणे आणि मळ वाढवणाऱ्या गोष्टी टाळणे. पहिला उपाय आजही तंतोतंत लागू पडतो. मात्र उवांचे मूळ अस्वच्छतेत आहे, ही तेथील समजूत पुढेही जगभर टिकून राहिली, आणि तिची किंमत बहुतेक वेळा मुलांनी मोजली.

७/ ती कशी? शतकानुशतके उवा ही घरातली बाब होती. दुपारी ओसरीवर आई किंवा आजी फणी घेऊन बसे आणि प्रश्न तेथेच मिटे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सक्तीचे शिक्षण आले: न्यूयॉर्क राज्यात १८७४ साली, इंग्लंडमध्ये १८८० साली. हजारो मुले एका छपराखाली, डोक्याला डोके लावून बसू लागली. घरातली बाब सरकारी झाली.

८/ १९०२ चे न्यूयॉर्क. लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोपातून आलेली ज्यू आणि इटलीहून आलेली कुटुंबे दाटीवाटीच्या चाळींत राहत होती. शाळेत येणारे सरकारी डॉक्टर मुले तपासत. उवा, गजकर्ण, डोळ्यांची खुपरी असे काही आढळले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडीत. चिठ्ठी इंग्रजीत; अनेक आयांना इंग्रजी वाचता येत नसे. उपचार कोणी करायचा, हे कोणीच पाहत नसे.

९/ म्हणजे होत काय असे? मूल वर्गातून जाई, ऊ डोक्यातून जात नसे. शाळेतून काढलेली मुले संध्याकाळी त्याच गल्लीत वर्गमित्रांशी खेळत. याच वस्तीत काम करणाऱ्या परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी बारा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहून ठेवली आहे. डोक्यावरच्या त्वचारोगामुळे त्याला शाळा कधी लाभलीच नव्हती.

१०/ वॉल्ड यांनी शहराच्या अधिकाऱ्यांपुढे प्रस्ताव मांडला: महिनाभर एक परिचारिका शाळांत पाठवून पाहा. ऑक्टोबर १९०२ मध्ये हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या त्यांच्या संस्थेतील लीना रॉजर्स यांनी काम सुरू केले. वाट्याला चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले. किरकोळ दुखण्यांवर त्या शाळेतच उपचार करीत आणि शाळा सुटली की मुलांच्या घरी जाऊन आईला प्रत्यक्ष करून दाखवीत.

११/ उवांवर तेव्हाचा उपाय होता घासलेट आणि गोडे तेल समभाग. दुसऱ्या दिवशी केस धुवायचे आणि लिखांसाठी गरम व्हिनेगर. (आज हे मुळीच करू नये. घासलेट पेट घेते आणि त्वचेलाही इजा करते.) पण परिणाम घडवला तो घासलेटाने नव्हे. ‘घरी जा’ असे सांगण्याऐवजी कोणीतरी घरापर्यंत आले, हा खरा बदल होता.

१२/ महिन्याभरातच प्रयोग यशस्वी ठरला आणि आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये सर्व आजार मिळून १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठवले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये ही संख्या १,१०१ झाली. उवा एका वर्षात संपल्या नव्हत्या. त्यांच्यापायी शाळा बुडणे मात्र खूपच कमी झाले होते.

१३/ तरीही लाज उरलीच. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने ब्रिटनमधील शहरांतून सुमारे १५ लाख लोक, त्यांत बहुसंख्य मुले, खेड्यापाड्यांत हलवली गेली. मुलांच्या डोक्यात उवा पाहून यजमान कुटुंबे संतापली. गरीब आया निष्काळजी असतात, असा बोभाटा झाला.

१४/ कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी तेव्हा साथरोग रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. औद्योगिक शहरांतील जवळजवळ निम्म्या मुलींच्या डोक्यात उवा होत्या. शाळातपासणीचे सरकारी आकडे याहून कितीतरी कमी होते. इतकी वर्षे तपासणीची रांग चालू होती, पण रांगेला सत्य दिसले नव्हते.

१५/ आजचे विज्ञान काय सांगते? डोक्यातली ऊ उडत नाही, उड्या मारत नाही. ती केसांवरून केसांवर चालत जाते. स्वच्छ केसांतही ती तितक्याच सुखाने राहते. टायफस पसरवणारी ऊ कपड्यांत राहणारी, ती वेगळी. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. ओल्या केसांतून बारीक फणी दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे फिरवावी. आणि घरातल्या सर्वांची डोकी एकाच वेळी तपासावीत. एकट्या मुलीचे नव्हे.

१६/ केवळ उवांमुळे निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची आज स्पष्ट भूमिका आहे. रॉजर्स यांनी हेच चार शाळांत करून दाखवले, त्याला एक शतक उलटून गेले.

१७/ लाखीशची फणी आणि आपल्या घरातली फणी यांत फारसा फरक नाही. ऊही तीच. बदलत गेले ते एवढेच, की ऊ सापडल्यावर आपण मुलाचे काय करतो. माझी मैत्रीण आठवड्याने परतली तेव्हा तिचे लांब केस कापलेले होते. त्या दिवशी तिच्या शेजारी कोणी बसले नाही. मीही नाही.

धागा समाप्त. तुमच्या शाळेत ही रांग होती का? अवश्य लिहा.